भिंतीसाठी घडलेले अक्षर

छापील रोमन लिपीत ठळक अक्षर हा प्रकार पहिली साडेतीनशे वर्षे नव्हताच. गुटेनबर्गचे बायबल 1455च्या सुमारास छापून झाले. तेव्हापासून अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातल्या मुद्रकाकडे एकाच वळणाचे साधे आणि ठळक असे दोन जोडसंच नसत. एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर तो तिरप्या खिळ्यांत किंवा कॅपिटल अक्षरांत जुळवत, आकार वाढवत, लाल शाई वापरत, नाहीतर जुन्या गॉथिक खिळ्यांचा आधार घेत. निव्वळ काळेपणा वाढवून डोळ्याला थांबवायचे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लंडनमध्ये रुजली. तिचे पहिले पूर्ण रूप म्हणजे 'फॅट फेस' या नावाने ओळखले जाणारे अक्षरवळण. त्यात उभे दांडे कमालीचे जाड असतात, आडव्या रेषा केसासारख्या बारीक असतात आणि दांड्यांच्या टोकांना सपाट, पातळ सेरिफ असतात.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला दोन्ही बाजूंना निघालेली छोटी आडवी रेघ. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिताना हाताच्या ओघात काही रेघा जाड उमटतात, काही बारीक. पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये कोरल्या गेलेल्या रोमन खिळ्यांतला जाड-बारीकपणा लेखणीतूनच आलेला होता, त्यामुळे तो सौम्य होता. सेरिफही दांड्याला हलका बाक घेऊन जोडलेली असे. लेखणीशी असलेले हे नाते फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात सुटू लागले. राजाच्या छापखान्यासाठी नवे वळण ठरवण्याचे काम 1692 साली विद्वानांच्या एका समितीकडे आले आणि समितीने चौकटींच्या जाळ्यावर पट्टी-कंपासने अक्षरे आखली. फिलिप ग्रांझाँ या कोरीव कारागिराने त्यांच्या आधारे पोलादी ठसे कोरले. 1702 साली राजाच्या पदकांविषयीचा भव्य ग्रंथ या खिळ्यांत छापला गेला. त्यातली सेरिफ सपाट आणि पातळ आहे, दांडा ताठ आहे. अक्षर लिहिण्याऐवजी आखण्याची सुरुवात येथून झाली.

इंग्लंडमध्ये पुढचे पाऊल बर्मिंगहॅमच्या जॉन बास्कर्व्हिलने टाकले. तो मुळात सुलेखनाचा शिक्षक, पुढे लाखकामाच्या धंद्यात पैसा मिळवलेला माणूस. 1757 साली त्याने छापलेले व्हर्जिलचे काव्य पाहिले की त्याने नुसते खिळे सुधारले नव्हते हे कळते. शाई अधिक काळी केली होती, कागद गुळगुळीत निवडला होता आणि छापलेले ताव गरम पत्र्यांमध्ये दाबून तुकतुकीत केले होते. बारीक रेघ स्वच्छ उमटायची तर शाई आणि कागद दोन्ही बदलावे लागतात, हे त्याने ओळखले होते. त्याच्या बारीक रेघांनी वाचकांचे डोळे जातील, अशी ओरड मात्र झालीच. 1760 साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी बास्कर्व्हिलला लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग सांगितला आहे. अशीच तक्रार करणाऱ्या एका गृहस्थासमोर फ्रँकलिन यांनी नाव फाडून टाकलेला एक नमुना ठेवला आणि तो बास्कर्व्हिलचा आहे असे सांगितले. गृहस्थांनी त्यात ठिकठिकाणी दोष दाखवले. नमुना खरे तर कॅस्लनच्या खिळ्यांचा होता, म्हणजे तेव्हा सगळे इंग्लंड ज्या अक्षरांत रोज वाचत होते त्यांचा. स्वतः मुद्रक असलेल्या फ्रँकलिन यांना सवय आणि वाचनीयता यांच्यातला फरक चांगला ठाऊक होता.

पॅरिसच्या दिदो घराण्याने 1784च्या सुमारास आणि पार्मा येथील जाँबात्तिस्ता बोदोनी याने त्यानंतरच्या वर्षांत हा प्रवास टोकाला नेला. बोदोनी 1768पासून पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख होता. त्याचा 'मान्युआले तिपोग्राफिको' हा नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1818 साली, त्याची पत्नी मार्गेरिता हिने दोन खंडांत पूर्ण करून प्रसिद्ध केला. रुंद समास, मोजक्या ओळी, अक्षरांत ताठ जाड दांडा आणि धाग्याएवढी आडवी रेघ असे या पानांचे रूप आहे. बाक घेऊन जुळणारी सेरिफ येथे उरलीच नाही; दांडा संपतो तिथे काटकोनात एक सरळ रेष येते. ही पाने राजेरजवाड्यांच्या ग्रंथालयांसाठी होती, आणि त्यांतला जाड-बारीकपणा मुख्यतः बारीक रेघ आणखी बारीक करून साधलेला होता.

लंडनमध्ये खिळे ओतणाऱ्या ओतारींनी नेमके उलट केले. बारीक रेघ होती तेवढीच ठेवली आणि जाड दांडा फुगवत नेला.

त्यामागे बाजार होता. 1801च्या जनगणनेत लंडनची वस्ती दहा लाखांच्या जवळ होती. 1851मध्ये ती तेवीस लाखांवर गेली. नाटकगृहे, लिलाव, घोडागाड्यांच्या फेऱ्या, औषधे, बुटांचे काळे पॉलिश अशा सगळ्यांना गिऱ्हाईक हवे होते आणि वर्तमानपत्राची जागा महाग होती. 1815 साली वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर चार पेनींचा मुद्रांक लागे, आणि प्रत्येक जाहिरातीवर, ती दोन ओळींची असो की वीस, साडेतीन शिलिंग कर. जाहिरातीवरचा कर 1833मध्ये कमी झाला, पण पूर्ण उठायला 1853 उजाडले. शिवाय वर्तमानपत्रे जाहिरातदाराला अरुंद रकान्यात बारीक खिळ्यांतच बसवत. भिंतीला असली अट नव्हती. तिथे कागद हवा तेवढा मोठा घेता येत होता, आणि वाचणारा चालत्या पावली, दहा-वीस हात अंतरावरून जाणारा होता. पुस्तकाचे अक्षर नुसते मोठे करून अशा भिंतीवर लावले तर ते फिके दिसते. शेजारच्या पन्नास कागदांत ते हरवते.

छापण्याच्या यंत्रानेही साथ दिली. लाकडी दाबयंत्रावर मोठा काळा भाग सारखा उमटत नसे, कारण जेवढे क्षेत्र काळे तेवढा दाब जास्त लागतो. लॉर्ड स्टॅनहोपने 1800च्या सुमारास संपूर्ण लोखंडी दाबयंत्र तयार करवले. 1817मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉर्ज क्लायमरने आपले 'कोलंबियन' यंत्र लंडनला आणले, आणि त्यापाठोपाठ इंग्लंडमध्येच 'आल्बियन' बनू लागले. याच काळात चामड्याच्या शाईच्या गोळ्यांऐवजी सरस आणि काकवीच्या मिश्रणाचे रूळ आले, त्यामुळे रुंद पृष्ठभागावर शाई एकसारखी बसू लागली. ही साधने नसती तर फॅट फेस नमुनापुस्तकातच राहिला असता.

या वळणाचे श्रेय समकालीनांनी रॉबर्ट थॉर्न याला दिले आहे. विल्यम सॅव्हेज याने 1822 साली प्रसिद्ध केलेल्या सजावटी छपाईवरच्या पुस्तकात जाड खिळ्यांच्या क्रांतीला मुख्यतः थॉर्न जबाबदार आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. थॉर्न हा थॉमस कॉट्रेल याच्या हाताखाली शिकलेला. कॉट्रेलने 1765च्या सुमारासच भित्तिपत्रकांसाठी बरीच मोठी अक्षरे ओतली होती. 1794 साली थॉर्नने गुरूची ओतशाळा विकत घेतली आणि पुढे ती लंडनच्या फॅन स्ट्रीटवर नेली. कॉट्रेलकडून त्याला मोठ्या अक्षरांची बाजारपेठ मिळाली होती. नवे वळण दिदो-बोदोनींच्या धर्तीचे, तेव्हाच्या फॅशनचे होते. या दोन्हींची गाठ त्याने घातली.

इतक्या मोठ्या आकाराचे खिळे ओतणे ही वेगळीच अडचण होती. नेहमीच्या खिळ्यासाठी पोलादी ठसा कोरून तांब्यात ठोकत आणि उमटलेल्या खाचेत, म्हणजे मातृकेत, वितळलेला धातू ओतत. काही इंच उंचीच्या अक्षरासाठी एवढा मोठा ठसा तांब्यात ठोकणे शक्य नसे. म्हणून लाकडी नमुना वाळूत दाबून त्या खळग्यात अक्षर ओतत. त्याच्या कडा खडबडीत येत आणि प्रत्येक खिळा हाताने साफ करावा लागे. 1810च्या सुमारास विल्यम कॅस्लन चौथा याने पितळेच्या पत्र्यातून अक्षराचा आकार आरपार कापला, तो पत्रा मागे दुसऱ्या पत्र्यावर रिव्हेटने पक्का बसवला आणि त्याचीच मातृका केली. कड स्वच्छ आली, बारीक रेघही नीट उतरली. भित्तिपत्रकांच्या खिळ्यांची वाढ या साध्या युक्तीनंतर वेगाने झाली.

थॉर्न 1820 साली वारला आणि त्याची ओतशाळा लिलावात निघाली. ती घेणारा विल्यम थॉरोगुड हा खिळे ओतण्याच्या धंद्यातला माणूसच नव्हता. त्याने हा पैसा लॉटरीत जिंकला होता, असे मुद्रणेतिहासात सांगितले जाते. ही गोष्ट निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. इंग्लंडची सरकारी लॉटरी 1826मध्ये बंद झाली, पण त्याआधीच्या वर्षांत लॉटरीची तिकिटे विकणारे ठेकेदार, विशेषतः टॉमस बिश, हस्तपत्रकांचा पाऊस पाडत होते. बक्षिसाचे आकडे, सोडतीची तारीख, ठेकेदाराचे नाव हे सगळे त्यांत जाड काळ्या अक्षरांत असे. फॅट फेसचे पहिले मोठे गिऱ्हाईक हेच. थॉर्नने घडवलेली अक्षरे आज सर्वांत भरघोस पाहायला मिळतात ती थॉरोगुडने 1821 साली काढलेल्या नमुनापुस्तकात, म्हणजे कर्ता गेल्यानंतर.

ती अक्षरे जवळून पाहण्यासारखी आहेत. सर्वांत भारी नमुन्यांत उभ्या दांड्याची जाडी अक्षराच्या उंचीच्या जवळपास निम्म्यावर जाते. पुस्तकी वळणात ती याच्या निम्मीही नसते. एवढा जाड दांडा बसवायचा तर दोन मार्ग उरतात, अक्षर रुंद करणे किंवा आतली पोकळी आवळणे. थॉर्नच्या काळच्या कारागिरांनी दोन्ही केले. 'ओ' या अक्षरात बाहेरची रेषा जवळपास पूर्ण वर्तुळ असते, आत मात्र उभी, अरुंद फट उरते. वर आणि खाली दोन अर्धचंद्र केसाएवढ्या रेघेने जोडलेले असतात. 'एच'मध्ये दोन काळे खांब आणि त्यांना जोडणारी एक पुसट आडवी रेघ. छोट्या लिपीतल्या 'ई'चा आडवा दांडा दुरून दिसतच नाही, तरी अक्षर ओळखता येते, कारण काळ्या भागाची बाह्यरेषा पुरेशी वेगळी असते. या वळणाचे गमक इथे आहे. दुरून वाचणारा डोळा बारीक रेघ वाचत नाही, तो काळ्या ठोकळ्यांचा क्रम वाचतो. म्हणूनच हे वळण दोन-चार शब्दांच्या मथळ्याला लागू पडते आणि सलग मजकुरात निकामी ठरते. सलग मजकुरात दांड्यांची काळी रांग कुंपणासारखी उभी राहते आणि शब्द वेगळे होत नाहीत.

लेखणीचा वारसा पूर्ण पुसला मात्र गेला नाही. कोणता दांडा जाड आणि कोणता बारीक हे अजूनही जुन्या सुलेखनाच्या नियमानेच ठरत होते. कॅपिटल 'ए'चा डावा तिरपा हात बारीक, उजवा जाड. 'व्ही'चे नेमके उलट. 'यू'चा डावा दांडा जाड, उजवा बारीक. 'एन'चे दोन्ही उभे दांडे बारीक आणि मधला तिरपा जाड. काळेपणा दुप्पट-तिप्पट झाला, त्याची वाटणी बदलली नाही. सर्वांत अवघड अक्षर 'एस'. त्याच्या मधल्या वळणात सगळे वजन साठते, दोन टोकांशी ते एकदम केसाएवढे होते आणि पुन्हा सेरिफशी किंवा गोल थेंबाशी थांबते. हा बदल एका गतीने झाला नाही तर अक्षर सुजल्यासारखे दिसते. थॉरोगुडच्या नमुन्यांतली तिरपी अक्षरे तर याहून मोकळी आहेत. त्यांच्या टोकांना भरीव थेंब आहेत, 'आर'च्या पायाला झोकदार वळण आहे, काही कॅपिटल अक्षरांना डौलदार वेटोळी. ही अक्षरे करणाऱ्यांनी आनंदाने केली, हे पाहताक्षणी जाणवते.

जाड दांडा म्हणजे सजावटीसाठी मोकळी जागा, हेही लवकरच लक्षात आले. दांड्यात पांढरी रेघ सोडलेली, बाजूला सावली टाकलेली, आतून पोकळ ठेवलेली अक्षरे 1820च्या आसपास नमुनापुस्तकांत दाखल झाली. याचे शिखर लुई जॉन पूशे याच्या लंडनच्या ओतशाळेत गाठले गेले. तिथल्या कारागिरांनी बॉक्सवुड या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर फॅट फेसच्या वळणाची मोठी अक्षरे कोरली आणि दांड्यांच्या आत फळे, फुले, गुरेढोरे, शेतीची अवजारे, फ्रीमेसन मंडळींची चिन्हे भरली. या ठोकळ्यांवरून धातूच्या प्रती ओतून विकल्या जात. पूशेचा धंदा 1830मध्ये बंद पडला आणि सामान लिलावात गेले, पण मूळ ठोकळे टिकले. ते लंडनच्या सेंट ब्राइड ग्रंथालयात आहेत आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यावरून पुन्हा ठसे काढले गेले. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी कोरीवकामाचे याहून सुंदर नमुने अक्षरांच्या जगात फार थोडे असतील.

ही अक्षरे रस्त्यावर कशी दिसत असतील, याचे उत्तर एका चित्रात आहे. जॉन ऑर्लँडो पॅरी याने 1835 साली काढलेल्या जलरंगचित्रात लंडनमधली एक भिंत आहे. मागे सेंट पॉल चर्चचा घुमट. भिंतीवर वीतभर जागा रिकामी नाही. नाटकांची, मैफलींची, प्रवासाची पत्रके एकमेकांवर चिकटवलेली आहेत, खालची फाटून वरच्यांतून डोकावत आहेत, आणि एक माणूस बादली-कुंचला घेऊन त्यावरच नवे पत्रक लावतो आहे. पॅरीने प्रत्येक पत्रकातली अक्षरे इतक्या काळजीने उतरवली आहेत की फॅट फेस, नवे जाड पट्टीच्या सेरिफचे वळण आणि सेरिफ नसलेले वळण ही तिन्ही वेगळी ओळखता येतात. पत्रके चिकटवणाऱ्यांचा स्वतंत्र धंदाच झाला होता. चार्ल्स डिकन्स यांनी 1851मध्ये आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात त्यावर एक लेखच लिहिला.

जाणत्या मुद्रकांना हे सगळे रुचले नव्हते. टी. सी. हॅन्सर्ड याने 1825च्या 'टायपोग्राफिया' या ग्रंथात जाड अक्षरांवर कडक टीका केली. तो पुस्तकी छपाईच्या परंपरेतला होता, आणि पुस्तकात या अक्षरांचा शिरकाव होऊ लागला होता हे खरेच होते. शतकाच्या शेवटी विल्यम मॉरिस यांनी रोष धरला तो मुळावर, बोदोनीवर. 1891मध्ये सुरू केलेल्या आपल्या केल्मस्कॉट छापखान्यात ते पंधराव्या शतकातल्या व्हेनिसच्या वळणाकडे परतले. 1922मध्ये अमेरिकन अभ्यासक डॅनियल बर्कली अपडाइक यांच्या मुद्रणाक्षरांच्या इतिहासातही फॅट फेसला चांगले शब्द मिळाले नाहीत. या टीकाकारांची एक चूक झाली. भिंतीसाठी घडलेल्या अक्षराला त्यांनी पुस्तकाचा गज लावला.

वळण म्हणून फॅट फेसची सद्दी साधारण तीस वर्षे टिकली. त्याला मागे टाकणारी वळणे त्याच्याच पोटी जन्मली. 1815-17च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुनापुस्तकात सगळ्या रेघा जवळपास सारख्या जाड आणि सेरिफही विटेसारखी असलेले वळण आले. 1816मध्ये कॅस्लन चौथा याने सेरिफच नसलेली अक्षरे दाखवली. बारीक रेघ दाबाखाली तुटत असे, वारंवार छापून झिजत असे आणि पावसात भिजलेल्या कागदावर तर नाहीशीच होई. नव्या वळणांत तुटण्यासारखे काही नव्हते. न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्सने 1827पासून यंत्राने लाकडी अक्षरे कापायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी त्यांची पहिली यादी छापली. लाकडी अक्षर हलके आणि स्वस्त होते, आणि धातूत ओतता येणार नाही एवढे मोठे करता येई. अमेरिकेतल्या लाकडी अक्षरांच्या सुरुवातीच्या यादीत फॅट फेस आहे, पण लवकरच त्याच्याहून टणक वळणांनी जागा घेतली.

फॅन स्ट्रीटच्या त्याच ओतशाळेत 1845 साली आणखी एक गोष्ट घडली. थॉरोगुडचा भागीदार रॉबर्ट बेस्ली याने 'क्लॅरेंडन' नावाचे वळण 1842च्या नव्या कायद्याखाली नोंदवून तीन वर्षांचे संरक्षण मिळवले. ते फॅट फेसपेक्षा सौम्य, सेरिफला बाक असलेले आणि साध्या मजकुराच्या ओळीत शेजारी बसेल अशा बेताचे होते. शब्दकोशातला मुख्य शब्द, वेळापत्रकातले गावाचे नाव यांसाठी ते वापरले जाऊ लागले. संरक्षणाची मुदत संपताच सगळ्या ओतशाळांनी त्याची नक्कल केली. भिंतीवर सुरू झालेला काळेपणा पानाच्या आत आला तो असा, आणि आज संगणकावर एका बटणाने मिळणाऱ्या ठळक अक्षराची वंशावळ इथूनच निघते.

ही ओतशाळा पुढे चार्ल्स रीड यांच्या घराण्याकडे गेली. त्यांचा मुलगा टॅल्बट बेन्स रीड याने ती चालवता चालवता 1887मध्ये इंग्लंडच्या जुन्या ओतशाळांचा इतिहास लिहिला, जो अजूनही अभ्यासकांच्या हाती असतो. 1905च्या सुमारास शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीने ती घेतली.

फॅट फेसचे पुनरुज्जीवन मात्र आधी अमेरिकेत झाले. मॉरिस फुलर बेंटन यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी बोदोनीचे वळण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस पुन्हा घडवले होते. 1928 साली त्याचेच अतिजाड रूप 'अल्ट्रा बोदोनी' बाजारात आले. पुढच्याच वर्षी लायनोटाइप कंपनीसाठी चॉन्सी ग्रिफिथ यांनी 'पोस्टर बोदोनी' केले. नावात बोदोनी असले तरी ही अक्षरे पार्मापेक्षा थॉर्नच्या जवळची आहेत. त्या काळच्या भौमितिक सजावटीला, सौंदर्यप्रसाधनांच्या आणि मोटारींच्या जाहिरातींना ती चपखल बसली. इंग्लंडमध्ये निकोलेट ग्रे यांचे एकोणिसाव्या शतकातल्या सजावटी अक्षरांवरचे पुस्तक 1938मध्ये आले, 1947मध्ये ए. एफ. जॉन्सन यांनी फक्त फॅट फेसवर निबंध लिहिला, आणि 1953मध्ये स्टीफन्सन ब्लेकने जुन्या वारशातून 'थॉरोगुड' पुन्हा ओतून विकायला काढले. ज्या अक्षरांना शंभर वर्षे कुरूप म्हटले गेले, त्यांच्याकडे या मंडळींनी प्रथमच नीट पाहिले.

फोटोवरून अक्षरजुळणी सुरू झाल्यावर धातूची बंधने गेली. बारीक रेघ तुटण्याची भीती उरली नाही, अक्षरे एकमेकांना हवी तेवढी चिकटवता येऊ लागली. न्यूयॉर्कमध्ये हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेझ यांनी 1970च्या आसपास या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला. त्या दशकातल्या अमेरिकन मासिकांची आणि पुस्तकांच्या वेष्टनांची ओळखच जाड, दाटीवाटीच्या, बारीक रेघांच्या अक्षरांशी जोडली गेली. मॅथ्यू कार्टर यांनी 1992मध्ये फिगिन्सच्या नमुन्यांवरून 'एलिफंट' केले, जे पुढे 'बिग फिगिन्स' या नावानेही निघाले. टाइपटुगेदर या संस्थेच्या व्हेरोनिका बुरियान आणि होसे स्काल्योने यांचे 'आब्रिल फॅटफेस' 2011पासून गूगलच्या संग्रहातून विनामूल्य मिळते, आणि लग्नपत्रिकेपासून उपाहारगृहाच्या पाटीपर्यंत ते सर्वत्र दिसते.

पडद्यावर जुनी अडचण नव्या रूपात परतली. बारीक रेघ एका ठिपक्याहून कमी झाली की ती काळी न दिसता करडी होते आणि अक्षरातून निसटते. उपायही जुनाच आहे. धातूच्या काळात कारागीर प्रत्येक आकारासाठी वेगळा ठसा कोरत, आणि लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड ठेवत. एकाच रेखाटनातून सगळे आकार काढण्याच्या सोयीमुळे हे शहाणपण मागे पडले होते. जोनाथन हॉफ्लर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला 'हार्पर्स बझार' मासिकासाठी दिदोचे वळण घडवताना आकारागणिक वेगळी रेखाटने केली, जेणेकरून मथळा लहान असो की पानभर, बारीक रेघ सारखीच बारीक दिसावी.

देवनागरीत या वळणाचा प्रश्न मुळातून वेगळा आहे. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट बाजूने तिरके कापलेले असते, त्यामुळे जाड आणि बारीक रेघांचा कल उलटा पडतो. रोमन फॅट फेसमध्ये प्रत्येक आडवी रेघ केसाएवढी होते. देवनागरीत तोच नियम लावला तर शिरोरेषा केसाएवढी होईल, आणि शब्द बांधून ठेवणारी तीच तर रेघ आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यायची म्हणून मूळ अक्षराची उंची आधीच आखडलेली असते. त्यात 'द्ध' किंवा 'ष्ट्र' यांसारख्या जोडाक्षरात जाड दांडे आले की आतल्या पोकळ्या बुजतात. मुंबईच्या एक टाइप या गटाने 'मोदक' या अक्षरसंचात पोकळ्यांची नुसती चीर ठेवून जाडपणाची हद्द गाठली, पण तिथे रेघा सगळीकडे गुबगुबीत आहेत, जाड-बारीकपणाचा प्रश्न त्यात येत नाही. तो प्रश्न अंगावर घेतला इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'रोझा वन'ने. टिम डोनल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी 2014मध्ये केलेल्या या संचात फॅट फेस वळणाची रोमन आणि तितक्याच तीव्र जाड-बारीकपणाची देवनागरी एकत्र आहेत, आणि तो मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरता येतो. मराठी मासिकाच्या मुखपृष्ठासाठी, नाटकाच्या जाहिरातीसाठी, मोठ्या मथळ्यासाठी तो उत्तम आहे. बातमीच्या मजकुरासाठी मात्र तो घेऊ नये. थॉर्नची अक्षरेही त्या कामाची नव्हती.